कोंडाजीनानांची बाराखडी

"एकोणीस!" रविराजने मोबाइल प्रतिभाच्या नाकासमोर धरला. "मॅडम, एकोणीस सेकंद. मी पाणी प्यायलो, बायकोला मेसेज केला, तिचं उत्तरही आलं. तुमचा तांब्या काही आला नाही."

स्क्रीनवर पांढरंफटक पान होतं आणि मधोमध एक चकरी गरगरत होती. प्रतिभा त्या चकरीकडे बघत राहिली. आपल्याच पोराला कोणी शाळेत सगळ्यांसमोर उभं करावं, तसं तिला झालं.

"बाजारात रेंजच नाही नीट," ती म्हणाली.

"मग सिन्नरच्या गिऱ्हाइकाला काय आपण रेंज पाठवणार? कुरिअरने?"

गल्ल्यावरच्या शेखरशेठनी पेपर उघडला. मुलगा बोलायला लागला की शेठ पेपर वाचतात, हे आता दुकानात सगळ्यांना पाठ झालं होतं. मुलगा पुण्याहून परत आल्यापासून शेठचं वाचन फार वाढलं होतं.

"शुक्रवारी पाच वाजता कॉलेज रोडच्या एजन्सीचे लोक येणारेत," रविराज म्हणाला. "धनत्रयोदशी तीन आठवड्यांवर आलीय. तोवर साईट तीन सेकंदांत उघडली पाहिजे. शुक्रवारी नाही उघडली, तर ती त्यांच्याकडे. त्यांची सिस्टीम, त्यांचे फॉन्ट, त्यांची माणसं."

"आणि मी?"

"तुमचं बघू."

'बघू' हा मराठीतला सगळ्यात हलकट शब्द आहे. 'उद्यापासून येऊ नका' म्हणायला छाती लागते. 'बघू' म्हणायला काहीच लागत नाही. बोलणारा मोकळा होतो आणि ऐकणारा रात्रंदिवस बघत बसतो.

प्रतिभा त्रेचाळीस वर्षांची होती. सिडकोत दोन खोल्या, अंबडच्या कारखान्यातून कमरेला पट्टा बांधून घरी बसलेला नवरा संतोष, बारावीत शिकणारी हर्षाली. चौदा वर्षांपूर्वी भांडी बाजारातल्या ह्या दुकानात ती बिलं करायला लागली. लॉकडाउनमध्ये बाजाराला कुलूप लागलं, शेठनी हातपाय गाळले, आणि घरी भाकरी भाजता भाजता हिने ओट्यावर फोन टेकवून साईट कशी बनवतात ते व्हिडिओ बघितले. व्हिडिओतली अर्धी भाषा तिला कळायची. उरलेली अर्धी तिने रेटली. दोन महिन्यांत दुकानाची साईट उभी राहिली. पहिली ऑर्डर साताऱ्याहून आली तेव्हा शेठनी फोनवर म्हटलं होतं, "प्रतिभा, तू आमची लाज राखलीस." माणसं लॉकडाउनमध्ये बोललेलं सगळं विसरली, शेठ तरी अपवाद का असावेत?

त्या साईटवर एक गोष्ट होती जी दुसऱ्या कुठल्याच भांड्यांच्या साईटवर नव्हती. नाव.

आपल्याकडे भांडं विकत घेतलं म्हणजे ते आपलं होत नाही. त्यावर नाव घातलं की आपलं होतं. लग्नाच्या पंक्तीत बदललेलं पातेलं दहा वर्षांनी नावावरून परत येतं. आजीच्या नावाचा डबा नातीच्या ओट्यावर असतो, आणि कोण कधी गेलं हे डब्यावरच्या 'कै.'वरून पोरांना कळतं. ह्या दुकानाच्या पायरीवर बसून नाव घालायचं काम कोंडाजीनाना अडतीस वर्षं करत होते. मूळचे विंचूरचे, आता पंचवटीत. एक छिन्नी, एक हातोडी, मांडीखाली पोतं. कागदावर आखणं नाही, पेन्सिलीची खूण नाही. भांडं गुडघ्यात धरायचं आणि टकटक सुरू. त्यांचा 'र' जरासा पुढे वाकलेला, कोणाचं तरी ऐकत असल्यासारखा; त्यांचा 'ळ' जिलबीसारखा. नाशकात अशी घरं आहेत, जिथे भांडं उलटं करून बायका सांगतात, "हे नानांच्या हातचं."

लॉकडाउनमध्ये प्रतिभाच्या डोक्यात आलं, गिऱ्हाइकाने साईटवर नाव टाईप करावं आणि ते नानांच्या अक्षरात, त्याच्याच तांब्यावर, तिथल्या तिथे दिसावं. मग सहा आठवडे दोघं बंद दुकानात, तोंडाला फडकी बांधून, दोन टोकांना बसली. नाना पितळेच्या पत्र्यावर बाराखडी घालत गेले. क, का, कि, की. मग जोडाक्षरं. ती एकेका अक्षराचा फोटो काढत गेली.

"अगं पोरी, शाळेत मास्तरनं मारूनमुटकून चार वर्षांत जेवढी गिरवून घेतली न्हाई, तेवढी तू दीड महिन्यात घेतली," नाना म्हणायचे. "'ङ' बी घालू का? आख्ख्या जिंदगीत एकानं मागितला नाय."

एक हजार एकशे चाळीस फोटो झाले. आणि आता हेच एक हजार एकशे चाळीस फोटो प्रतिभाच्या नरड्याशी आले होते.

मंगळवारी दुपारपासून तिने छाटणी सुरू केली. साईट उघडली की आधी गणपतीचा पानभर फोटो यायचा, तो काढला. मागे वाजणारी आरती काढली. सरकणाऱ्या जाहिराती काढल्या. भांड्यांचे फोटो तिने हौसेने फोनवर काढलेले, एकेक फोटो लग्नाच्या अल्बमएवढा जड. ते शंभर सव्वाशे फोटो एकेक करून हलके केले. पितळेच्या दुकानात वजन म्हणजे माल. भांडं हातात तोलून बघितल्याशिवाय गिऱ्हाईक पाकिटाला हात लावत नाही. आणि इथे वजन म्हणजे पाप होतं. एकेक ग्रॅम पुसत ती बसली होती.

बुधवारी संध्याकाळी साईट बारा सेकंदांवर आली.

"बारा म्हंजी चांगलं का वाईट?" नानांनी पायरीवरूनच विचारलं.

"वाईट. तीन पाहिजेत."

टकटक जरा जोरात सुरू झाली. मग आणखी जोरात. थोड्या वेळाने प्रतिभाने वळून बघितलं तर म्हातारा घामाघूम. कपाळाची शीर तटतटलेली.

"नाना, काय चाललंय? एवढी घाई कसली?"

"मघाशी रविशेठ फोनवर बोलत व्हते. 'नावामुळं लय स्लो होतंय' म्हणत व्हते." नानांनी कपाळ पुसलं. "म्हातारपणामुळं व्हतं गं थोडं. पण मी करीन की पटापट. तू टेन्शन घेऊ नको."

प्रतिभाला हसू आलं आणि त्याच दमात रडू फुटायला आलं. "नाना, तुम्ही स्लो नाही. साईट स्लो आहे. तुमची अक्षरं जड झालीत. एकूण अकराशे चाळीस फोटो एकदम येतात ना, त्यामुळे."

"सगळी येत्यात? प्रत्येक गिऱ्हाइकाला?"

"हो."

"'ङ' बी?"

"'ङ' पण."

"मग त्याला काय बाराखडी शिकवायची हाय का?" नाना म्हणाले आणि पुन्हा भांड्याकडे वळले.

प्रतिभाने ते ऐकलं, पण तिच्या कानावरून गेलं. माणूस बुडायला लागला की त्याला हातापाशी असलेली फळी दिसत नाही, हे काही खोटं नाही.

कोणी ठरवलं हे तीन सेकंद? माणूस सीबीएसला बससाठी तासभर उभा राहतो. सिव्हिलमध्ये केसपेपरसाठी सकाळ घालवतो. तलाठ्याच्या सहीसाठी चार महिने हेलपाटे घालतो आणि शेवटी त्यालाच 'थँक्यू साहेब' म्हणतो. तिथे कोणाची घाई नसते. पण आठ तास ठोकून घडवलेला तांब्या दिसायला चौथा सेकंद लागला की ह्याच माणसाचा अंगठा चिडतो आणि पुढे सरकतो. आणि त्या अंगठ्यापायी सिडकोतल्या एका बाईची चूल विझायची वेळ येते. चिडायचं तरी कोणावर? अंगठ्यावर?

गुरुवारी प्रतिभाने हार मानली. एजन्सी जे करणार होती तेच तिने केलं. नानांची अक्षरं उतरवली आणि तयार छापील फॉन्ट लावला. दहा मिनिटांचं काम. साईट उघडली, अडीच सेकंदांत. चकरी फिरायच्या आत तांब्या हजर. तिने चाचणी म्हणून 'सौ. सविता' टाईप केलं. तांब्याच्या पोटावर सरळसोट, एकाच जाडीची, ताठ अक्षरं उमटली.

तिने लॅपटॉप उचलला आणि पायरीवर नेऊन नानांपुढे धरला. लपवून करायचं नव्हतं तिला.

नानांनी चष्मा वर केला, खाली केला. "हे रेशनकार्डावरचं नाव दिसतंय."

"फॉन्ट आहे. छापील. ह्याने साईट पळतेय."

"मग मला काय करायचं? मी असं घालू? असं सरळ?"

प्रतिभाने लॅपटॉप त्यांच्यापुढून काढून घेतला. त्यातच सगळं आलं. गिऱ्हाइकाला साईटवर जे दिसतं तेच त्याला भांड्यावर लागतं. साईटवर छापील दिसलं की भांड्यावर छापील घालावं लागणार, आणि छापील घालायला माणूस लागत नाही.

नानांनी चष्मा काढून बंडीला पुसला. "ठेव. राहू दे ते. तुझी पोर बारावीला हाय. माझं काय, मला दोन भाकरी सून घालती. घालती म्हंजी, बोलून घालती, पण घालती. ठेव तू ते."

"नाना, गप्प बसा तुम्ही!" ती ओरडली. आत शेठचा पेपर खाली आला आणि लगेच वर गेला.

तिने फॉन्ट काढून टाकला. लगेच, तिथेच पायरीवर उभ्या उभ्या. त्यात शहाणपण काहीच नव्हतं. घरी गेल्यावर संतोषला सांगितलं तेव्हा तो कमरेवरचा पट्टा सोडत म्हणाला, "म्हणजे जमलं होतं, आणि तू ते पुसलंस?"

"हो."

"का?"

"मला नाही सांगता येणार."

"शुक्रवारी त्यांना हेच सांग," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. त्याचंही काय चुकलं?

शुक्रवारी दुपारी एकच्या सुमाराला प्रतिभाने साईट पाडली. फोटो आणखी हलके करायच्या नादात कुठलीतरी ओळ चुकली आणि सगळं पान कोरं झालं. चकरीसुद्धा नाही. चार तास उरले होते आणि जिथे हळू का होईना तांब्या दिसायचा, तिथे आता काहीच दिसत नव्हतं. ओळ शोधायला अर्धा तास गेला. साईट परत उभी राहिली, पण बारा सेकंदांवरच. जेवणाचा डबा तसाच होता. हर्षालीचा फोन आला, "मम्मी, झालं का गं?" "होतंय," ती म्हणाली आणि फोन ठेवला. काही होत नव्हतं.

ती पायरीवर येऊन बसली. उन्हात. तिथे एक बाई घंगाळ घेऊन नानांसमोर उभी होती. त्र्यंबककडची असावी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी.

"बोला, काय घालू?" नाना छिन्नी धरून थांबले होते.

"सासूबाईंचं नाव घाला."

"अहो, मला काय ठावं तुमच्या सासूबाई? नाव सांगा."

"बयाबाई."

"नुसतं बयाबाई? हायात का?"

"आहेत की! चांगल्या खणखणीत आहेत. सकाळीच भांडल्या."

"मग 'कै.' नको. बोला. ब..."

"ब," बाई म्हणाली. टक, टक. "या." टक, टक, टक.

बाई एक अक्षर बोलायची, नाना एक अक्षर घालायचे. ती बोलत नाही तोवर हातोडी हवेत थांबलेली. प्रतिभा बघत होती. चौदा वर्षं हेच बघत होती. "नाना," ती एकदम म्हणाली, "तुम्ही आधीच का सुरू करत नाही? 'बयाबाई' ऐकलं ना तुम्ही."

"अगं, ऐकताना 'बयाबाई' का 'बयजाबाई', माणूस एकेक अक्षर बोलल्याबिगर कसं कळंल? माझ्या डोक्यात हजार अक्षरं असतील. त्याच्या तोंडातून निघंल तेवढंच भांड्यावर यायचं. अडतीस वर्षांत बोलण्याआधी हात उचलला नाय मी."

प्रतिभा ताडकन उठली. घंगाळाला पाय लागला, ते घणघणलं, बाई "अगं बाई" म्हणाली. ती आत पळाली.

चूक तिची होती, आणि ती दुकानदारीतली चूक होती. भांडी बाजाराची रीत अशी की गिऱ्हाईक बैठकीवर टेकलं की त्याने तोंड उघडायच्या आत सगळा माल पुढ्यात मांडायचा. परातीत परात, तांब्यावर तांब्या, 'बघा तर खरं, घेऊ नका.' गिऱ्हाइकाला कशासाठी थांबायला लागलं तर दुकानाची अब्रू जाते. प्रतिभाने साईटही तशीच मांडली होती. कोणी नुसतं डोकावलं तरी त्याच्या अंगावर अख्खी बाराखडी ओतायची. पाच वर्षं ती हे करत होती आणि तिला ते आदरातिथ्य वाटत होतं.

दोन वाजल्यापासून तिने मान वर केली नाही. साईट उघडताना आता एकही अक्षर येणार नव्हतं. गिऱ्हाईक 'ब' दाबेल तेव्हा 'ब' येईल. 'या' दाबेल तेव्हा 'या'. पहिल्यांदा जोडाक्षरं फुटली. 'प्रतिभा'चं 'परतिभा' झालं. दुसऱ्यांदा मात्रा घरंगळून पुढच्या अक्षरावर गेल्या. पाचला वीस मिनिटं असताना सगळं जागेवर बसलं.

एजन्सीचे दोघे आले. इस्त्रीचे शर्ट, बारीक लॅपटॉप. रविराजने फोन काढला, घड्याळ लावलं आणि दुकानाबाहेर जाऊन, जिथे रेंज सगळ्यात वाईट होती तिथे उभा राहिला. एवढं मात्र मानावं लागेल, पोरगा चिटर नव्हता.

"दोन पॉइंट सहा," तो म्हणाला. पुन्हा केलं. "दोन पॉइंट चार." मग त्याने 'रविराज' टाईप केलं. एकेक अक्षर तांब्याच्या पोटावर येत गेलं, समोर कोणी बसून घालत असल्यासारखं. पुढे वाकलेला 'र'.

"भारी," तो हळूच म्हणाला. आणि प्रतिभाकडे बघून, "मॅडम, मानलं."

एजन्सीवाले चहा पिऊन गेले. शेठनी पेपरची घडी घातली. नानांनी कोणालाच काही विचारलं नाही. जाताना फक्त प्रतिभाच्या टेबलावर शेंगदाण्याच्या चिक्कीची पुडी ठेवून गेले.

इथे गोष्ट संपवता आली असती. संपवणारे संपवतात. बाईची नोकरी वाचली, म्हाताऱ्याची अक्षरं वाचली, आता दिवाळीचे दिवे लावा.

पण साईट पळायला लागली होती, आणि पळणारी गोष्ट कोणासाठी थांबत नाही. आधी दिवसाला पंधरा-वीस ऑर्डरी यायच्या. आठवड्यात साठ झाल्या. मग एकशे ऐंशी. अक्षर समोर उमटताना दिसतं ह्याचा कोणीतरी व्हिडिओ टाकला आणि मग मोजायची सोय राहिली नाही. नगर, जळगाव, इंदूर, अगदी दुबईहूनसुद्धा. सगळ्यांना नाव हवं, सगळ्यांना धनत्रयोदशीच्या आत हवं.

नाना दिवसाला चाळीस नावं घालायचे. ते पंचावन्न घालायला लागले. मनगटाला सुतळी गुंडाळून साठ. डबा खाणं सोडलं. दुकानात खोक्यांचा डोंगर झाला. प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी, 'नाव बाकी'. गिऱ्हाइकांचे फोन प्रतिभाच घ्यायची. "पाठवतोय, पाठवतोय, नाव घालायचं राहिलंय." दर फोनला आत्ता नानांना ऐकू गेलं असेल, असं तिला वाटायचं आणि तिचा आवाज खाली जायचा.

दुकानात आता एकच गोष्ट स्लो होती. आणि ती तशी प्रतिभानेच करून ठेवली होती.

धनत्रयोदशीला सहा दिवस असताना रविराजने तिला आतल्या खोलीत बोलावलं. ह्या वेळी तो उभा नव्हता, बसून बोलत होता, म्हणजे ठरवून बोलत होता.

"लेझर मशीन सांगितलंय. परवा येईल. एक नाव नऊ सेकंदांत."

"छापील?"

"छे! छापील कशाला? लोक नानांच्या अक्षरासाठी तर येतायत. तुमच्याकडे सगळी अक्षरं आहेत ना, तो फोल्डर द्या. मशीनवाला ती आत घालून देतो म्हणालाय. हुबेहूब नानांचं अक्षर." तो खरंच खुशीत होता. "नानांना त्रास नाही, अक्षर तेच. आणि त्यांना काही आपण काढत नाही. बसतील इथेच. पुसायला, बांधायला."

प्रतिभा पायरीवर गेली. नानांना सांगितलं. सगळं, काही न लपवता. नाना ऐकत राहिले. हातातलं नाव पुरं केलं, फुंकर मारून कीस उडवला.

"मला कशाला इचारती?" ते म्हणाले. "अक्षरं काय माझी हायत का? बाराखडीची हायत."

"हात तुमचा आहे, नाना."

"हात माझ्यापाशीच हाय की." त्यांनी सुतळी बांधलेला पंजा उघडून दाखवला. "तुझ्या फोल्डरात थोडाच हाय?"

तिने फोल्डर दिला. तिला दोष देणाऱ्याने आधी सिडकोत जाऊन तिच्या दोन खोल्या बघाव्यात आणि हर्षालीच्या प्रवेशाच्या खर्चाची यादी वाचावी. मग बोलावं. आणि तरीही तिने दिला हे खरंच. ते ती स्वतःही नाकारत नाही.

मशीन आलं. पांढरं, फ्रीजच्या निम्मं, समोर काच. शेठनी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. रविराजने एक नवा तांब्या आत ठेवला.

"नाना, या पुढे. पहिलं नाव तुमचं घालायचं." त्याच्या मनात पाप नव्हतं. म्हणून तर आणखी वाईट वाटत होतं. "अडतीस वर्षं सगळ्यांची घातलीत. आज तुमचं."

सगळे जमले. रविराजने 'कोंडाजी' टाईप केलं. काचेआड निळसर ठिणगी नाचली, जळक्याचा वास आला, बारीक शिट्टी वाजली. नऊ सेकंद. त्याने तांब्या काढून उजेडात धरला.

'डाजी.'

आधी एका अक्षराएवढी मोकळी जागा आणि मग 'डाजी'. हुबेहूब नानांच्या वळणाचं.

"बग आहे," रविराज म्हणाला. पुन्हा टाईप केलं, दुसरा तांब्या घातला. पुन्हा 'डाजी'.

"बग नाही," प्रतिभा म्हणाली. "'कों' नाहीये. ते अक्षर आपण काढलंच नव्हतं. 'को' आहे, 'कं' आहे. 'कों' राहिलं."

"पाच वर्षांत कळलं नाही?"

"पाच वर्षांत कोणी मागितलंच नाही."

खरंच होतं ते. आता कोंडाजी, कोंडिबा कोण ठेवतं? पोरांची नावं विहान, आरुष. आणि बाराखडी घालताना नानांनाही स्वतःचं नाव आठवलं नव्हतं.

शेठ हसले, बांधणीच्या बायका हसल्या, नानाही हसले. "बरं झालं," ते म्हणाले, "मशीनलाबी माझं नाव येईना."

"नाना, तेवढं एक अक्षर घालून टाका तांब्यावर," रविराज म्हणाला. "मॅडम फोटो काढून घेतील. म्हणजे सेट पूर्ण होईल."

नानांनी तांब्या हातात घेतला. अंगठा मोकळ्या जागेवरून फिरवला. मग 'डाजी'वरून फिरवला. लेझरचं अक्षर हाताला लागत नाही. ते मनगट चोळायला लागले.

"आज नको," ते म्हणाले. "हात लय दुखतोय."

सकाळपासून त्यांनी बावीस नावं घातली होती. प्रतिभाने ती स्वतः बांधली होती. फोटोसाठी काढलेला फोन तिने परत ठेवला.

नाना दुसऱ्या दिवशी आले नाहीत. धनत्रयोदशीला आले नाहीत. पाडव्यानंतर एकदा शेठनी माणूस पाठवला, तो परत येऊन म्हणाला, "बरे आहेत. गाईला चारा घालत होते. म्हणाले, हाताला आराम पडू द्या." रविराजने त्या एका अक्षराची दोनदा आठवण काढली, मग विसरला. त्या अक्षरावाचून कोणाचंच अडत नव्हतं.

'को' आहे. त्यावर एक टिंब द्यायचं, बस्स. दोन मिनिटांचं काम आहे आणि प्रतिभाला ते येतं.

साईट अजून अडीच सेकंदांत उघडते. तांब्या निवडा, नाव टाईप करा. कुठलंही टाईप करा, झरझर येतं. 'कोंडाजी' टाईप केलं तर मात्र पहिल्या अक्षराशी काहीच येत नाही; तेवढ्या जागेत कोरं पितळ दिसतं, चकचकीत.